थांबा चौकाच्या अलीकडे

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर 'बाई'. पण पाठीमागे आपले नाव काय चालते हे तिला ठाऊक होते आणि त्यावर तिची तक्रारही नव्हती, कारण ते खरे होते. 'वाचकांची पत्रे' हे सदर तिने केस काळे होते तेव्हा हाती घेतले आणि पांढरे झाल्यावर सोडले. लोकांचा चार-चार पानी संताप तिच्या टेबलावर यायचा आणि बोटभर होऊन छापायला जायचा. ज्याचे पत्र कापले तो फोन करून वाट्टेल ते बोलायचा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा पत्र पाठवायचा.

तिच्या लेखी पत्रांच्या दोनच जाती होत्या : विषय असलेली आणि विषय नसलेली. नळाला पाणी नाही इथे सुरू होऊन हल्लीच्या तरुण पिढीवर संपणारे पत्र ती तिसऱ्या ओळीत ओळखायची. "यांना पाणी नकोय," शेजारच्या उपसंपादकाला ती म्हणायची, "यांना श्रोता हवाय." आणि पत्र टोपलीत जायचे. कोणी फार हुज्जत घातली तर तिचे प्रश्न ठरलेले असत. तुम्हाला नेमके काय हवे आहे? ते देणे कोणाच्या हातात आहे? तो माणूस नाही म्हणाला तर कशामुळे म्हणेल? बहुतेकांचा फोन दुसऱ्या प्रश्नालाच बंद व्हायचा.

निवृत्त झाल्यावर ती वहिनीकडे राहायला आली. किंवा वहिनी तिच्याकडे आली. यावर दोघींचे आजवर एकमत झालेले नाही. भाऊ गेला होता, दोघी एकेकट्या होत्या, दोन घरे कशाला म्हणून एक घर झाले, एवढे नक्की. हमरस्त्यावरच्या इमारतीत दुसरा मजला, दोन खोल्या, रस्त्याकडे तोंड केलेली गॅलरी. वहिनी तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाने पॅन्ट घालून बघायची, वहिनीने गुडघ्यावर बसून टाचण्या लावायच्या आणि मागच्या खोलीत जाऊन लांबी कमी करून आणायची. सकाळी बसने जायची, संध्याकाळी बसने यायची. मधला सगळा दिवस घर कात्रीचे. संसार सुरळीत चालला होता तो या मधल्या दिवसामुळे. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून एक फेरी व्हायचीच.

"वन्सं, वारा येतोय."

"वारा यावा म्हणूनच खिडकी असते, वहिनी."

इमारतीत तिला 'पेपरवाल्या बाई' म्हणत. त्यामुळे पहिले काही महिने लोक तिला जिन्यात अडवून, आज अंक उशिरा आला, काल पुरवणी नव्हती, असे सांगत. तिने एकदोघांना समजावले, मग नाद सोडला.

आणि मग एका सकाळी इमारतीसमोरचा बसथांब्याचा खांब नाहीसा झाला.

रस्ता असा होता : शहराकडून बाहेर येताना आधी फर्निचरचे शोरूम लागे, मग ही इमारत, तिला लागून अग्निशमन केंद्र आणि मग चौक. खांब इमारतीच्या दारातून उचलून चौक ओलांडल्यावर पार तिकडे रोवला होता. घरी येणाऱ्याला आता तिकडे उतरून उलटे चालत यावे लागे, आणि वाटेत तो चौक आडवा येई. चौकाला सिग्नल नव्हता. बाजूच्या रस्त्याने ट्रक येत आणि वेग न कमी करता वळत.

वहिनीच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. दिवसा सगळे ठीक. दिवे लागले की समोरून येणारे वाहन तिला दिसे ते कापसाच्या गोळ्यासारखे. गोळा लांब आहे की जवळ हे काही कळत नसे. पहिल्या संध्याकाळी ती एका अनोळखी गृहस्थाचा दंड धरून घरी आली.

"भला माणूस होता," चपला काढता काढता ती म्हणाली. "पण रोज कुठून आणू?"

रोज कोणी ना कोणी मिळत गेले. एकदा कोणीच मिळाले नाही, तेव्हा ती चौकाच्या कडेला बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी एका ट्रकवाल्याच्या शिव्या खात पलीकडे आली. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "दुकानात सांगून टाकलंय. महिनाअखेर सोडते. घरीच बसेन. तेवढीच तुम्हाला सोबत."

कात्रीच्या हातातला घास हातात राहिला. वहिनीला आपले काम आवडते, दुकानातल्या गप्पांवर ती दुसऱ्या दिवसापर्यंत जगते, हे तिला माहीत होते, आणि त्याचे तिला वाईट वाटले. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघी एका घरात, एका खिडकीसह, हे चित्र डोळ्यांसमोर आले तेव्हा जास्त वाईट वाटले. ते तिने स्वतःशी कबूलही केले.

इमारतीची बैठक गाड्या लावण्याच्या जागेत झाली. सेक्रेटरी कागद घेऊनच आले होते. ते कुठल्याशा कारखान्यात भांडारपाल होते आणि त्यांना जाहीर, तीव्र, समस्त हे शब्द फार आवडत. त्यांनी घसा साफ केला आणि वाचले, "विषय : बसथांबा, कचरा, भटकी कुत्री, रात्रीचे हॉर्न व एकंदर परिस्थितीबाबत समस्त रहिवाशांचा तीव्र निषेध."

"हा विषय नाही," कात्री म्हणाली. "ही यादी आहे."

"बाई, अर्ज एकदाच जाणार. मग सगळं घालून टाकलेलं बरं."

"बसवाला तुमची कुत्री पकडणार का?"

"त्यांनी तो भाग संबंधितांकडे पाठवावा."

"ते पाठवतीलच. अख्खा कागद पाठवतील. थांब्यासकट."

लोक हसले, सेक्रेटरी हसले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या, कविता करणाऱ्या काकूंनी शेवटी चार ओळी घालायची तयारी दाखवली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, मूळ मुद्दा बाजूलाच राहतोय, शोरूमवाल्याने वर पैसे चारून थांबा हलवला, कारण गर्दीमुळे त्याची काच दिसत नव्हती. ते स्पष्ट लिहा.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

डॉक्टरांना ते वॉचमनने सांगितले होते. वॉचमन तिथेच स्टुलावर बसला होता. त्याला काकूंनी सांगितले होते. काकूंना सेक्रेटरींनी. सेक्रेटरींना, जरा विचार करून ते म्हणाले, डॉक्टरांनी.

"म्हणजे अफवा इमारतीबाहेर पडलीच नाही," कात्री म्हणाली. "वर चढली आणि खाली उतरली."

"तुम्हाला पुरावा कशाला हवा असतो हो दर वेळी?" डॉक्टर चिडले. "तुम्ही काय कोर्टात आहात?"

"तुम्ही दात न बघता काढता का?"

शेवटी सर्वानुमते असे ठरले की अर्ज पेपरवाल्या बाईंनी लिहावा, पण तो सगळ्यांना दाखवावा. या 'पण'मध्ये पुढचे सगळे आले.

तिने आधी शोरूम गाठले. शोरूमवाला सोफ्यांच्या मधोमध, एका डुगडुगत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. तिने इमारतीचे नाव घेताच तो उभा राहिला.

"तुम्हीच का त्या? या, बसा. नाही, बसू नका, आधी ऐका. माझं निम्मं गिऱ्हाईक बसनं यायचं. थांब्यावर उभं राहायचं, बस येत नाही म्हणून आत यायचं, बसून बघायचं. तुम्ही लोकांनी माझ्या पोटावर पाय दिलात."

"आम्ही?"

"मग कोण? लोक तुमच्या कट्ट्यावर बसतात म्हणून तुमच्या सेक्रेटरीनंच अर्ज केला. सगळ्यांना माहीत आहे."

तिने सगळ्यांना म्हणजे कोणाला हे विचारले नाही. काही प्रश्न एका दिवसात दोनदा विचारवत नाहीत. संध्याकाळी तिने सेक्रेटरींना जिन्यात गाठले तेव्हा त्यांनी बरेच आढेवेढे घेऊन सांगितले की अर्ज केला होता खरा, पण तो 'कट्ट्यावर बसू नये' अशी पाटी लावण्याबद्दल होता. त्यात थांब्याचा उल्लेख ओझरता होता.

"किती ओझरता?"

"एक परिच्छेद."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे ती पत्रांतून जन्मभर वाचत आली होती. आता ती त्याच इमारतीत राहत होती.

खरे कारण तिला दुसऱ्या दिवशी अग्निशमन केंद्रात कळले, आणि ते कळल्यावर तिची चिडचिड दुप्पट झाली, कारण ते कारण चोख होते. केंद्रप्रमुख ठेंगणा, शांत माणूस होता. त्याने तिला दारात उभे करून दाखवले. थांब्यावर एक बस उभी असली तर ठीक; मागोमाग दोन आल्या की पुढची सरकून बरोबर केंद्राच्या फाटकासमोर यायची. मध्यंतरी आगीची वर्दी आली, फाटक उघडले, आणि समोर बस. बसमधून एक आजोबा उतरत होते, त्यांना ढकलणार कोण?

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ना," तो म्हणाला. "आमचा बंब घरच्या दारातच. घंटा वाजवतोय, भोंगा वाजवतोय. बसवाला हात जोडतोय."

"मग आग?"

"साधी होती. शेजाऱ्यांनी बादल्या मारून विझवली. त्या वेळी निभावलं, बाई. पुढच्या वेळी तुमच्याच इमारतीत लागली तर?"

 समोरचा चुकत असला की पत्र लिहायला मजा येते. तो बरोबर निघाला की मग खरोखर पत्र लिहावे लागते. ती फाटकाशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. थांबा पूर्वीच्या जागी परत मागणे म्हणजे बंबाची वाट पुन्हा अडवणे. तो विषयच बाद झाला. पण थांबा चौकापलीकडेच असायला हवा असेही कोणी म्हटलेले नव्हते. शोरूमसमोर रस्ता चांगला रुंद होता, कडेला दोन बस मागेपुढे उभ्या राहतील एवढी जागा होती, आणि तिथून फाटक लांब होते.

"तिथं थांबा आला तर तुमची हरकत?"

केंद्रप्रमुखाने मान वाकडी करून अंतर जोखले. "तिथं? काही नाही. लिहून देतो पाहिजे तर."

शोरूमवाल्यानेही लिहून दिले. फक्त एका अटीवर : लोकांनी काचेला टेकू नये.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती चौकात जाऊन उभी राहू लागली. एक काठीवाले गृहस्थ होते, ते चौक ओलांडताना काठी ट्रककडे रोखून धरत. एक बाई जुळ्यांना ढकलगाडीतून आणे. गाडीची पुढची चाके रस्त्यात आणि मागची फुटपाथवर अशी ती अडकून राही. शिकवणीहून येणारी मुले सरळ धावत सुटत. तिने एकेकाला थांबवून विचारले, तुमच्याबद्दल लिहिले तर चालेल का? काठीवाले म्हणाले, लिहा, पण म्हातारा लिहू नका.

घरी मात्र पहिला पुरावाच हातचा गेला.

"माझा डोळा त्या अर्जात घालायचा नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, अर्ज तुझ्यासाठीच चाललाय."

"चालू दे. पण मी काय गावभर डोळा दाखवत हिंडू? उद्या दुकानात कळलं, की हिला दिसत नाही, तर टाचण्या कोण लावू देईल मला? पायात घुसतील म्हणतील."

"तुझाच मुद्दा सगळ्यात भक्कम आहे."

"तुमचा मुद्दा असेल. माझा डोळा आहे."

यातही तथ्य होते. त्या आठवड्यात ज्याच्याशी बोलावे त्याच्या म्हणण्यात तथ्य निघत होते आणि कात्री त्याला विटली होती. तिने डोळा वगळला.

मग ती लिहायला बसली, आणि एक विचित्र गोष्ट झाली. जन्मभर इतरांची पत्रे कापणाऱ्या त्या बाईने स्वतः असे एकही पत्र कधी लिहिलेले नव्हते. पहिला मसुदा चार पानी झाला. तिने तो सकाळी वाचला आणि कोणा अनोळखी माणसाने लिहिलेला असावा तसा तिला राग आला. पहिल्याच पानावर 'असंवेदनशील' होते. दुसऱ्यावर 'सामान्य माणूस' होता. तिसऱ्यावर तर दिवंगत भाऊ आला होता. तो कशाला आला, देव जाणे. तिने पेन्सिल घेतली.

उरले ते एका पानावर मावले. सुरुवात तिने थांबा हलवणाऱ्यांच्या बाजूने केली : पूर्वीच्या जागी बंबाची वाट अडत होती, तेव्हा तो तिथून हलवणे योग्यच होते. मग चौकातली अडचण, काठीवाले, ढकलगाडी, मुले. मग अलीकडची रुंद जागा, आणि 'तिथे थांबा आल्यास हरकत नाही' एवढेच केंद्रप्रमुखाचे आणि शोरूमवाल्याचे म्हणणे सोबत जोडलेले. आणि वर, ठळक, एकच ओळ : 'विषय : बसथांबा चौकाच्या अलीकडे घेणेबाबत.'

बैठकीत गदारोळ झाला.

"'योग्यच होते'?" सेक्रेटरी किंचाळले. "आपण भांडायला चाललोय की सत्कार करायला?"

"ते बरोबर होतं म्हणून बरोबर म्हटलंय."

"मग ते म्हणतील, बघा, यांना मान्य आहे. विषय संपला!"

"पहिल्या ओळीत ते मान डोलावतील. डोलावणारा माणूस दुसरी ओळ वाचतो. शिव्या खाल्लेला वाचत नाही. मी वाचत नव्हते."

"आणि निषेध कुठाय?" डॉक्टर म्हणाले.

"निषेधानं खांब हलत नाही."

"निदान शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन' तरी घाला," सेक्रेटरी जवळजवळ गयावया करत म्हणाले.

"तुम्ही करणार आहात आंदोलन? कोण कोण येणार? हात वर करा."

हात वर झाले नाहीत. काकूंनी अर्धा केला, पण त्या वारा कुठून येतो ते बघत होत्या. सह्या झाल्या. बायाबाप्यांनी नाराजीने केल्या, कारण अर्जात त्यांच्या मनासारखे एकही वाक्य नव्हते.

पाकीट बंद करण्याआधी वहिनीने तो कागद दिव्याखाली, उजव्या डोळ्याजवळ धरून वाचला. "छान झालाय," ती म्हणाली. "पण वन्सं, अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे?"

"चौकाच्या. लिहिलंय की."

"ते कळलं हो. पण अलीकडे म्हणजे..."

"वहिनी, ज्याला वाचता येतं त्याला कळतं."

वहिनीने ओठ मिटले आणि कागद टेबलावर ठेवला. मुकाट्याने नाही, टेबलावर जरा आवाज झाला.

उत्तर यायला वेळ लागला. महिना संपला. वहिनीने दुकानात जाऊन आपली कात्री, टेप आणि अंगठी, म्हणजे शिवताना बोटात घालायची, घरी आणली आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसली.

त्या दिवसांबद्दल दोघीही आजवर फारसे बोललेल्या नाहीत. पहिल्या दिवशी वहिनीने स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. कात्रीला साखर सापडेना. मग तिने घरातले पडदे काढले. ते जमिनीला लागतात, धूळ ओढतात, असे तिचे म्हणणे होते. लांबी कमी करायची इतक्या वर्षांची सवय, आणि समोर गिऱ्हाईक नाही. पडदे दोन बोटे वर गेले. मग टेबलक्लॉथ वर गेला. कात्रीने आपला घरात घालायचा गाऊन कपाटात कुलूप लावून ठेवला.

"वन्सं, तुमची खुर्ची सारता का? झाडायचंय."

"आत्ता झाडलंस ना?"

"तेव्हा तुमची खुर्ची होती."

खिडकीबद्दल न बोललेलेच बरे.

आणि मग उत्तर आले. कात्रीने ते उभ्याउभ्या वाचले. 'आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि, आपण मागणी केल्याप्रमाणे थांबा सध्या चौकाच्या अलीकडेच आहे. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

तिने ते पुन्हा वाचले. मग मोठ्याने वाचले. सेक्रेटरी हाकेसरशी वर आले आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

"बघा! मी म्हणत नव्हतो? यांना सभ्यपणा कळत नाही. आता लिहितो मी. विषय, कुत्र्यांपासून सुरू करतो."

"कुत्र्यांना मध्ये आणाल तर याद राखा," कात्री म्हणाली, छत्री घेतली आणि चालत सुटली.

बस आगार चौकाच्या पुढे, थोड्याच अंतरावर होते. वाहतूक अधिकाऱ्याची खोली पहिल्या मजल्यावर. अधिकारी सर्दीने हैराण झालेला, तिशीतला माणूस होता. तिने नाव सांगताच त्याने नाक पुसून उठून खुर्ची दिली.

"तुम्ही का! अहो, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांना वाचायला दिलं. शिव्या नसलेलं पत्र मी आल्यापासून पहिलंच."

"आणि मग निकाली काढलं."

"मग काय करू? इतकं छान लिहिलंय, पण मागितलंय काय तेच कळेना. जे आहे तेच मागताय. आम्हाला वाटलं, आभाराचं असेल."

"जे आहे ते? थांबा चौकाच्या पलीकडे आहे!"

"अलीकडे आहे."

"पलीकडे!"

"बाई," तो शिंक आवरत म्हणाला, "तो काय."

त्याने खिडकीकडे बोट केले. कात्री खिडकीशी गेली. खाली आगाराचे फाटक होते. मग रस्ता. मग, अगदी समोर, तो खांब, त्याखाली वाट बघणारी चार माणसे. त्याच्या मागे चौक. आणि चौकाच्या पार पलीकडे, ट्रकांच्या धुरात, अग्निशमन केंद्राचा लाल दरवाजा आणि तिची स्वतःची इमारत, दोन बोटे आखूड पडद्यांसह.

 वाचणारा कोणत्या खुर्चीत बसलाय ते बघून लिहा, असे तिने फोनवर किती लोकांना सुनावले असेल याची गणती नव्हती. विषय एकच निवडला होता, दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकून मांडले होते, पुरावे जोडले होते, विशेषणे कापली होती. आणि सगळा डोलारा ज्या एका शब्दावर उभा केला होता, तो शब्द तिच्या गॅलरीतून लिहिलेला होता. घोडे पेंड खात होते ते तिच्याच दारात. वहिनी हे ऐकून काय म्हणेल, ते तिला आत्ताच ऐकू येत होते.

"जागेचं म्हणाल तर," अधिकारी मागून सांगत होता, "नकाशावर ओळी मारल्या असत्या तरी कळलं असतं."

"तुम्ही जरा उठता का?" ती म्हणाली.

"काय?"

"मला तुमच्या खुर्चीत बसून लिहायचंय. आणि एक कोरा कागद द्या."

तो उठला. बहुधा सर्दीमुळे त्याच्यात वाद घालायची ताकद नव्हती. कात्री त्याच्या खुर्चीत बसली, खिडकीतून एकदा बघून घेतले आणि लिहिले : 'विषय : शहराकडून बाहेर येणाऱ्या बसचा थांबा फर्निचरच्या शोरूमसमोर घेणे.' बाकीचा मजकूर तोच, फक्त अलीकडे आणि पलीकडे जिथे जिथे होते तिथे इमारतींची खूण. एका ठिकाणी तिने 'अग्निशमन केंद्राच्या आधी' लिहिले, थांबली, आणि 'आधी' खोडून 'शहराच्या बाजूला' केले.

अधिकाऱ्याने खांद्यावरून वाचले. "'घेणे'च्या पुढे 'बाबत' राहिलं."

"राहिलं नाही. कापलं."

तो पाहणीला आला तो रुमालात तोंड खुपसून, संध्याकाळी, दिवे लागल्यावर. वेळ तिनेच सुचवली होती. चौक त्याने ढकलगाडीवाल्या बाईच्या मागून ओलांडला आणि मध्येच त्याला शिंक आली. ट्रक इतक्या जवळून गेला की त्याचा रुमाल उडाला.  पलीकडे आल्यावर शोरूमसमोरची जागा त्याने स्वतः पावलांनी मोजली.

खांब आला. त्याच दिवशी इमारतीच्या फलकावर सूचना लागली : 'आपल्या सेक्रेटरींच्या अथक व निर्भीड प्रयत्नांमुळे थांबा अलीकडे आला आहे.' खाली काकूंच्या चार ओळी होत्या. कात्रीने पर्समधून पेन्सिल काढली, 'अथक व निर्भीड' कापले, थोडा विचार करून 'अलीकडे'ही कापले आणि जिना चढली. बाकीचे तिने राहू दिले. सेक्रेटरींनी एक परिच्छेद लिहिला होताच. ओझरता का होईना.

वहिनीला तिने आगारातली गोष्ट सांगितली होती. सांगणे भागच होते. वहिनीने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, बशी विसळली, पालथी घातली आणि एवढेच म्हणाली, "ज्याला वाचता येतं त्याला कळतं." त्यानंतर तिने ते वाक्य बऱ्याच वेळा वापरले. वीजबिलावर, औषधाच्या बाटलीवर, एकदा तर कॅलेंडरवर.

दुकानाने तिला परत घेतले. ती गेली त्या सकाळी घर एकदम शांत झाले. कात्रीने खिडकी उघडली, साखरेचा डबा आपल्या जागेवर ठेवला आणि दिवसभर कोणाशीही बोलली नाही. फार बरे वाटले. दिवे लागायच्या सुमाराला मात्र ती गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. कपडे दुपारीच काढलेले होते.

बस शोरूमसमोर थांबली. वहिनी उतरली, पिशवी सावरली, आणि कोणाचाही दंड न धरता शोरूमच्या दिव्यांच्या कडेने, मग इमारतीच्या कट्ट्याच्या कडेने, सरळ फाटकातून आत आली. कात्री घाईने आत वळली आणि खुर्चीत जाऊन बसली, जशी काही सकाळपासून तिथेच होती.

"वन्सं!" दारातूनच आवाज आला. "तो शोरूमवाला उद्धट आहे हो! आत्ता पिशवी सावरत होते तर मला म्हणतो, काचेला टेकू नका. मी टेकलेच नव्हते. चांगली हातभर लांब उभी होते. एक अर्ज लिहा त्याच्यावर."

"विषय?"

"उद्धटपणा!"

"पुरावा?"

"मी सांगतेय ना!"

"त्याचं म्हणणं काय?"

"त्याचं म्हणणं कशाला हवंय तुम्हाला? तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?" वहिनीने पिशवी आपटली आणि थांबली. "आणि ही खिडकी कोणी उघडी टाकली?"